मुखवट्यामागचा सावळा चेहरा

मालाडच्या मालवणीतल्या आमच्या वर्गात चित्रकलेच्या तासाला आम्ही आवडता नायक काढायला सांगितले. बऱ्याच मुलांनी स्पायडरमॅन काढला. एकाने मात्र त्याचा मुखवटा उतरवून चेहरा सावळा रंगवला. शेजारचा हसला, ''हा तर हबशी दिसतो, तुझ्यासारखा!'' चित्र काढणाऱ्याने मुकाट्याने वही मिटली.

आम्ही ती पुन्हा उघडायला लावली, कारण चित्र बरोबर होते. तो माइल्स मोरालेस होता. त्याचे वडील कृष्णवर्णीय अमेरिकन, आई प्युर्तो रिकोची. २०११ मध्ये तो कॉमिक्समध्ये आला, २०१८ मध्ये चित्रपटात, २०२० मध्ये स्वतःच्या नावाच्या व्हिडिओ गेममध्ये. जून २०२३ मध्ये त्याचा दुसरा चित्रपट भारतात दहा भाषांत लागला. त्यांत मराठीही होती.

पूर्वी अशा चित्रपटांत काळा माणूस बहुधा नायकाचा सोबती असे. २०१८ च्या 'ब्लॅक पँथर'मध्ये तो राजा झाला आणि त्याची बहीण शास्त्रज्ञ. माइल्सलाही घर आहे, अभ्यास आहे, काळजी करणारी आई आहे. नुसता रंग बदलला नाही, त्या रंगाच्या माणसाला संपूर्ण आयुष्य मिळाले. गेममध्ये तर मूल तासभर तोच होऊन खेळते.

आणि 'हबशी' ही शिवी कशी? हबश म्हणजे आजचा इथिओपिया. तिथून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याने तिथे नहर बांधून पाणी आणले. त्याची कबर खुलताबादला आहे. इस्लामचे पहिले मुअज्जिन हजरत बिलाल (रजि.) हेही हबशीच, त्यांच्यावर दुबईत तयार झालेला अॅनिमेशनपट २०१५ मध्ये आला.

हे सांगितल्यावर वर्ग शांत झाला. पण हसणाऱ्या मुलाला तो शब्द कुणी शिकवला? बिलाल यांचे नाव आपण आदराने घेतो आणि स्थळ पाहताना ''मुलगी चांगली आहे, रंग जरा दबलेला'' असे सहज बोलून जातो. आमच्याही तोंडून हे गेले आहे. मुले खोलीतच असतात, ऐकत असतात.

पालकहो, मूल पुढच्या वेळी स्पायडरमॅन पाहत असेल, तर शेजारी बसा. मुखवट्यामागे कोण आहे, ते विचारा. मग मलिक अंबरची गोष्ट सांगा.

ते चित्र आता आमच्या वर्गाच्या भिंतीवर आहे.