अंधारात हाताने काढलेली उजेडाची रेघ

कॅमेऱ्याचे शटर काही सेकंद किंवा काही मिनिटे उघडे ठेवून टिपलेले छायाचित्र म्हणजे लाँग एक्स्पोजर. शटर असे उघडे असताना अंधारात टॉर्च फिरवला, की तो ज्या वाटेने गेला ती वाट सेन्सरवर रेघ होऊन उमटते. हेच लाइट पेंटिंग. टॉर्च धरणारा मात्र चित्रात सहसा दिसत नाही. त्याच्या अंगावर उजेड नसतो आणि तो एका जागी थांबतही नाही.

या तंत्राचा उगम कलेत नाही, प्रयोगशाळेत आहे. १८८९ साली फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे आणि जॉर्ज देमेनी यांनी माणसाची चाल अभ्यासण्यासाठी सांध्यांवर छोटे दिवे बांधून छायाचित्र घेतले. पुढे अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने कामगारांच्या हातांना दिवे लावून कोणत्या हालचाली वाया जातात ते शोधले. कलावंत त्यानंतर आले. १९३५ मध्ये मॅन रेने स्वतःच्या छायाचित्रात उजेडाच्या रेघांचे भेंडोळे काढले. त्या रेघांत त्याची सही दडली आहे, हे २००९ साली एलन केरी या छायाचित्रकर्तीने आरसा धरल्यावर कळले. कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहिलेली अक्षरे चित्रात उलटी येतात, म्हणून ती इतकी वर्षे निसटली.

सर्वांत गाजलेली चित्रे १९४९ मधली. ‘लाइफ’ या नियतकालिकाचा छायाचित्रकार ग्योन मिली दक्षिण फ्रान्समधील व्हालोरिसला गेला आणि पिकासोने अंधाऱ्या खोलीत छोट्या दिव्याने हवेत आकृती रेखाटल्या. चित्रात पिकासोही स्पष्ट दिसतो, ही फ्लॅशच्या एका लखलखाटाची करामत.

शटर जास्त वेळ उघडे ठेवले की रेघ जास्त उजळते, असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात दिवा एखाद्या बिंदूवर जितका रेंगाळेल तितकाच तो बिंदू उजळतो, म्हणजे रेघेचा उजेड हाताच्या वेगावर ठरतो. अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) यांचाही त्यावर परिणाम होतो, शटरच्या एकूण वेळेचा होत नाही. ती वेळ पार्श्वभूमी ठरवते: चांदण्यातला किल्ल्याचा तट दिसायला हवा असेल तर शटर मिनिटभर उघडे राहू द्यावे लागते. तट टॉर्चनेच उजळायचा असेल, तर झोत बाजूने, सतत हलता ठेवून टाकावा. एका जागी थांबला तर तिथे पांढरा डाग पडतो.

सुरुवातीला आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८ आणि तीस सेकंद पुरतात. त्याहून जास्त वेळ हवा असल्यास शटर हवे तितका वेळ उघडे ठेवणारा बल्ब मोड असतो. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून टॉर्चच्या उजेडात फोकस जुळवावा आणि लगेच मॅन्युअलवर टाकावा, नाहीतर अंधारात लेन्स चाचपडत राहते. बटण दाबताना बसणारा हादरा सेल्फ-टायमरने टळतो. दिवाळीतली फुलबाजी हे सरावाचे सर्वांत स्वस्त साधन. पेटवलेले स्टील वूल गरागरा फिरवून ठिणग्यांची वर्तुळे काढणारेही पुष्कळ आहेत, पण वाळलेल्या गवतावर किंवा जुन्या लाकडी वास्तूत तो प्रयोग करू नये, कारण त्या ठिणग्या म्हणजे जळते लोखंडच असते.