वऱ्हाडच्या थंडीत कुंडीतील पाम

मार्गशीर्ष लागला, की मेहकर तालुक्यातील जानेफळच्या शिवारात हरभरा अंग धरू लागतो, गहू फुटवे काढतो, आणि ज्या थंडीची ही पिके आतुरतेने वाट पाहत असतात तीच थंडी, अलीकडच्या काळात गावोगावच्या दिवाणखान्यांत मुक्कामाला आलेल्या कुंडीतील पामांना मात्र मानवत नाही. आधी पानांची टोके तपकिरी होतात, मग खालची पाने पिवळी पडतात, आणि माघ सरता सरता मधला कोंब सहज ओढला तरी हातात येतो. घरधनी या मृत्यूचे खापर थंडीच्या माथी फोडून मोकळा होतो. परंतु बहुधा थंडीने केवळ निमित्त पुरविलेले असते आणि घात झालेला असतो तो पाण्याने.

शंका घेण्यास जागा आहे, कारण गावाबाहेरच्या नाल्याकाठी जी शिंदी उभी असते ती याच तालकुलातील असून, उघड्यावर रात्र काढूनही तिचे एक पान करपत नाही. या कुलात सुमारे अडीच हजार जाती आहेत आणि त्यांचा स्वभाव एक नाही. शिंदी ही कोरड्या उन्हाळ्याच्या आणि गार रात्रींच्या प्रदेशात पिढ्यानुपिढ्या घडलेली. उलट रोपवाटिकेत ज्याला अरेका पाम म्हणतात तो मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावरील दमट अरण्यांचा रहिवासी, जेथे पावसाला पुरती रजा अशी कधी मिळतच नाही. छोटा, नाजूक कामेडोरिया मेक्सिको-ग्वाटेमालाच्या वनांतील दाट सावलीतून आलेला. अशा जिवांना वऱ्हाडच्या घाटमाथ्यावर आणून बसविले, तर त्यांच्या सोयीची काही तजवीज आपणच करावयास हवी.

या घाटमाथ्याचे हवामान ध्यानात घेतल्याखेरीज ती तजवीज उमगणार नाही. मोगल अमदानीत मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार होते, आणि जुन्या दप्तरांत या मुलखाचे पूर्णेच्या खोऱ्यातील पायनघाट व डोंगरावरील बालाघाट असे दोन भाग केलेले आढळतात. ही विभागणी महसुलाच्या सोयीची असली तरी हवामानशास्त्रज्ञालाही ती मोडावीशी वाटू नये. जानेफळ वरच्या अंगाला. परतीचा पाऊस संपला, की येथे आकाश निरभ्र होते, हवा कोरडी होते, आणि दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता रात्री विनाअडथळा आकाशात सोडून देते; म्हणून पहाटे पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो आणि तोच दुपारी २८ अंशांपर्यंत चढतो. पहाटेची १० अंशांची हवा बाष्पाने पूर्ण संपृक्त आहे असे धरले, तरी तीच हवा २८ अंशांपर्यंत तापताच तिची सापेक्ष आर्द्रता अवघी एकतृतीयांश उरते.

आता वनस्पतीच्या देहात काय घडते ते पाहू. उष्ण प्रदेशातील वनस्पतींच्या पेशीपटलांतील मेद सुमारे १० ते १२ अंशांखाली आपली तरलता गमावू लागतो. पटल ताठर होते आणि पेशींतील क्षार बाहेर झिरपू लागतात. मुळांचीही जलग्रहणाची शक्ती मंदावते, आणि त्यात भर अशी, की १० अंशांचे पाणी २५ अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट चिकट, म्हणजे वाहण्यास तितकेच आळशी असते. दुपारी कोरडी हवा पानांकडून पाणी मागते आणि कुंडीच्या गाभ्यात अजून गारठलेले मूळ ते पुरवू शकत नाही. माती ओली असून पान तहानलेले राहते. टोक करपलेले पाहून घरातील मंडळींना दया येते आणि तांब्याभर पाणी आणखी ओतले जाते. मातीतील हवेची जागा पाणी घेते, प्राणवायूवाचून मुळे गुदमरतात आणि कुजविणाऱ्या बुरशीसदृश जीवांचे फावते. शेतातील काळी माती जशीच्या तशी कुंडीत भरली असेल, तर ती फुगून पाणी धरून बसते आणि हे सर्व अधिकच लवकर घडते. तिच्यात वाळू व पालापाचोळ्याचे खत सढळ हाताने मिसळलेले असावे.

आंब्या-निंबाची फांदी मेली तर दुसरी फुटते; तालवृक्षाच्या एका खोडाला मात्र वाढीचा एकच कोंब असतो, आणि तो कुजला की त्या खोडाचे आयुष्य संपले. खोडाला वर्षागणिक नवे काष्ठ देणारा, सालीखालचा पेशींचा थरही त्याला नसतो. रसवाहिन्यांतील ज्या पेशी कोवळेपणी घडल्या त्यांनाच वृक्ष असेपर्यंत काम करावे लागते. इजा भरून काढण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही, म्हणून इजा होऊ न देणे एवढेच आपल्या हाती उरते.

येथे विलायती पुस्तकांचा आधार जपून घ्यावा. लंडननजीक क्यू येथे डेसिमस बर्टन व रिचर्ड टर्नर यांनी १८४४ ते १८४८ या काळात लोखंड-काचेचे जे भव्य पामगृह उभारले, ते तळघरातील बाष्पकांनी तापविले जाई. तेथे डिसेंबरातील दिवस जेमतेम आठ तासांचा. आपल्याकडे तो अकरा तासांचा असतो आणि दक्षिणायनाच्या अखेरीसही मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४६ अंशांवर असतो. उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून आत न येणारे ऊन पौषात आपण होऊन घरात शिरते. त्या खिडकीपाशी, पडद्याआड, हीच पामाची हिवाळ्यातील जागा. शोभेसाठी त्याला अंधाऱ्या कोपऱ्यात उभे करणे म्हणजे त्याची उपासमार. आपल्या डोळ्यांची बाहुली विस्फारते, म्हणून तो अंधार आपल्याला जाणवत नाही इतकेच. मात्र रात्रभर अंगणात गारठलेले पान सकाळच्या प्रखर उन्हात धरणेही तितकेच वाईट, कारण थंड पानाला पडलेला प्रकाश पचविता येत नाही आणि त्याचा दाह होतो.

मातीची कुंडी झिरपून माठाप्रमाणे आतील ओल गार करते. हा गुण वैशाखातला, पौषातला नव्हे. कुंडी फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवावी. बोट दोन पेरे खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, तेही ऊन वर आल्यावर, आणि रांजणातील शिळे नव्हे, तर विहिरीतून नुकतेच उपसलेले. भूजलाचे तापमान वर्षाच्या सरासरीजवळ स्थिर राहते, म्हणूनच थंडीतल्या पहाटे विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसते. या पाण्यातील क्षार कुंडीच्या काठावर पांढरे साचतात आणि टोके करपण्यास तेही हातभार लावतात, तेव्हा पावसाळ्यात कुंडी एकदा चांगली धुऊन निघू द्यावी. पाने ओल्या फडक्याने, विशेषतः खालच्या बाजूने पुसावीत. कोरड्या हवेत लाल कोळी तेथेच ठाण मांडतो. खत अजिबात नको. पिवळे पडणारे जुने पान कापण्याचीही घाई नको, कारण त्यातील पालाश व मॅग्नेशियम काढून वृक्ष ते नव्या पानाला पुरवीत असतो.

पाणी पुन्हा केव्हा वाढवावे, हे पंचांगाला विचारण्यापेक्षा झाडालाच विचारावे. मधले न उमललेले, भाल्यासारखे पान शेजारच्या देठाला जेथे टेकते तेथे दोहोंवर एकाच रेषेत शाईची खूण करावी. पान बुडापासून वाढते, त्यामुळे वाढ सुरू असेल तर भाल्यावरची खूण वर सरकते आणि थांबली असेल तर दोन्ही खुणा पंधरवडाभर समोरासमोर राहतात. महाशिवरात्रीच्या सुमारास त्या एकमेकींपासून दूर जाऊ लागल्या, की पाणी थोडे थोडे वाढवावे आणि खताची पहिली मात्रा त्यानंतरच द्यावी.