मिळून उभे राहू – भाग ६ : मूल्यं कलमांत लिहावीत

गेल्या आठवड्यात आपण संस्थेची नोंदणी पाहिली. आता दोन संस्था एकत्र काम करायला निघाल्या की काय लिहून घ्यायचं, ते पाहू.

समजा, दिवा पूर्वेच्या एका चाळीतला महिला बचत गट कापडी पिशव्या शिवतो आणि डोंबिवलीतली एक सामाजिक संस्था त्या विकते. दोघांचा हेतू चांगला आहे. करारात पहिलं वाक्य येतं : ‘परस्पर आदर, पारदर्शकता आणि समानता या मूल्यांवर आम्ही काम करू.’ मनापासून लिहिलेलं असतं ते. पण ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, असा करार भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २९ प्रमाणे रद्दबातल ठरतो. आदर म्हणजे काय करायचं, हे कुठेच लिहिलं नसेल, तर भांडणाच्या दिवशी त्या वाक्याचा गटाला काडीचाही आधार नाही.

याउलट स्पष्ट नियम कसा असतो, ते पाहा. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’चे पापड लाटायला सुरुवात केली. तोटा झाला तरी देणगीसाठी कुणापुढे हात पसरायचा नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं. हा नियम पाळला की मोडला, हे कुणालाही सांगता येतं. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. समोर डोंबिवलीसारखी सामाजिक संस्था नव्हती, तरी त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे. घराघरातून मिळणारं शुल्क थेट वेचकांच्या हाती येतं आणि सुक्या कचऱ्यातला विकण्याजोगा मालही त्यांचाच. कष्टाचा मान तिथे पैशाच्या हिशेबात उतरला आहे.

दिव्यातल्या गटानं असंच लिहून घ्यावं. कापडाचे पैसे कोण आगाऊ देणार? पिशवी नाकारली तर ती कुणी तपासली, तोटा कुणाचा? सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असं २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो. पण शिलाईवर घर चालवणाऱ्या बाईला दीड महिना कसा परवडेल? करारात १५ दिवस लिहा. पावसात रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडली, तर उशिराबद्दल पैसे कापायचे नाहीत, हेही लिहा. दिव्यात ते वाक्य लागतंच.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कलम फोटोंचं. पिशव्या खपाव्यात म्हणून बायकांचे चेहरे आणि त्यांच्या घरातली दुःखं जाहिरातीत येतात, तीही अनेकदा त्यांना न विचारता. प्रत्येक वापराआधी त्या त्या बाईची संमती घ्यावी आणि ती नंतर मागे घेण्याचा हक्क तिला असावा. समानतेचंही तसंच. हिशेबाची बैठक एकदा डोंबिवलीत, एकदा दिव्यात, आणि रविवारीच, म्हणजे कुणाचा कामाचा दिवस बुडणार नाही.

वेगळं व्हायची वेळ आली तर काय, हे लिहायला लोक कचरतात, अशुभ वाटतं. ते करार करतानाच, गोडी असताना लिहून ठेवावं. किती महिन्यांची सूचना द्यायची, संस्थेनं दिलेली शिलाई मशीन कुणाकडे राहणार, गटानं बेतलेला पिशवीचा नमुना पुढे कोण वापरणार, सुरू असलेल्या ऑर्डरचे पैसे कधी चुकते होणार. मशीन गटाकडेच राहावी, असं माझं मत आहे. ती गेली तर गटाला दुसरा जोडीदार शोधणंही अवघड होईल.

पुढच्या भागात : वाद झाला तर मध्यस्थ कोण निवडायचा?