८२५० ते १६५५०-ए : अनुक्रमिक संदेशवहन-चिपांच्या सुसंगतीचा प्रश्न

दोन चिपांच्या पायांची मांडणी व रजिस्टरांचे पत्ते सारखे असले, की एकीच्या जागी दुसरी निर्वेधपणे बसते, असा सर्वसाधारण समज आहे. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीच्या ८२५० या चिपच्या विविध आवृत्त्यांचा इतिहास पाहिला असता हा समज तपासून घेणे अवश्य ठरते.

आयबीएमने १९८१ साली काढलेल्या पर्सनल कॉम्प्युटरच्या सीरियल जोडणीत मूळ ८२५० योजिली होती. तारेतून एकामागून एक येणारे बिट जुळवून त्यांचा बाइट करणे आणि इंटरप्टद्वारा प्रोसेसरला त्याची वर्दी देणे, हे तिचे कार्य. तिच्यात काही दोष होते. ८२५०-ए या सुधारित आवृत्तीत ते दूर करण्यात आले. परंतु आयबीएमची मूळ बायॉस त्या दोषांना धरूनच चालत असल्यामुळे निर्दोष चिप तिच्याशी जुळेना. स्वतंत्रपणे बायॉस लिहिणाऱ्या उत्पादकांना मात्र तीच चिप उपयोगी पडली.

दुसरा भेद साठवणीचा होय. ८२५० व १६४५० यांत आलेला एकच बाइट राखून ठेवता येतो. प्रारंभीचा व अखेरचा बिट धरून एका अक्षरास १० बिट लागतात. म्हणजे सेकंदास १,१५,२०० बिट या वेगाने दर ८७ मायक्रोसेकंदांनी नवे अक्षर येते. तेवढ्या अवधीत आधीचे उचलले न गेल्यास ते नष्ट होते. १६५५० मध्ये यावर १६ बाइटांच्या रांगेचा उपाय योजिला गेला. तथापि पहिल्या आवृत्तीत ती रांगच सदोष होती. १६५५०-ए मध्ये ती विश्वसनीय झाली. १४ बाइट जमल्यावर इंटरप्ट होईल अशी योजना केली, तरी तो हाताळण्यास पूर्वीच्या तिप्पट अवसर मिळतो.

म्हणून आज्ञावलीने चिपची परीक्षा करावयाची असते. रांग सुरू करण्याची आज्ञा देऊन इंटरप्ट-ओळखीच्या रजिस्टरातील वरचे दोन बिट वाचावेत. दोन्ही १ असल्यास १६५५०-ए; केवळ सर्वांत वरचा १ असल्यास सदोष १६५५०; दोन्ही शून्य असल्यास चिप त्याहून जुनी समजावी. जुन्यांपैकी मूळ ८२५० मध्ये टिपणासाठीचे मोकळे रजिस्टर नसते. तेथे लिहिलेला आकडा परत मिळत नाही.

सारांश, सुसंगती माहितीपत्रकाने ठरत नाही. तिच्यावर विसंबलेल्या आज्ञावलीच्या अपेक्षांनी ठरते. त्या अपेक्षांत दोषाचाही अंतर्भाव असेल, तर दुरुस्तीदेखील बिघाडच ठरते.