शेळीचा सुजलेला गुडघा

सांधा सुजला की आपण झिजेला दोष देतो. शेळीच्या विषाणुजन्य संधिवाताची कथा निराळी आहे. १९८० साली अमेरिकेत वेगळा केलेला हा विषाणू शरीराच्या पहारेकऱ्यांतच, म्हणजे भक्षक पेशींत, दडी मारतो. त्या सांध्याच्या अस्तरात शिरल्या की टीएनएफ-अल्फा, एमसीपी-१ यांसारखे दाहकारक रेणू स्रवतात. ते आणखी पेशींना बोलावतात, अस्तर जाड होते, कूर्चा झिजते आणि पुढच्या पायांचे गुडघे फुगत जातात. विषाणू थोडा, दाहच फार! माणसाच्या आमवातातही टीएनएफ-अल्फाचा मोठा हात असतो. म्हणूनच त्याला रोखणारी औषधे तेथे उपयोगी पडतात. शेळीचा हा विषाणू माणसाला बाधत नाही. करडाला मात्र तो बहुधा आईच्या चिकातूनच मिळतो. म्हणून करडू जन्मताच वेगळे करून, चीक ५६ अंश सेल्सिअसवर तासभर तापवून पाजतात.