पंच चुकला की प्रेक्षक?



लहानपणी मालवणच्या वाळूत हुतूतू खेळलेला गृहस्थ कबड्डीचा सामना पाहावयास बसला, म्हणजे पंचापेक्षा आपणांस अधिक कळते अशी त्याची खात्री असते. चढाई करणारा गडी बाजूच्या रेषेपलीकडे गेला, तरी पंच स्वस्थ! लागलीच ओरड उठते, "पंच फितूर आहे!" कित्येकदा पंच बरोबर असतो, आपल्या आठवणीच जुन्या झालेल्या असतात.

पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. परंतु दोन्ही बाजूंस एकेक मीटर राखीव जागा असल्यामुळे चढाईच्या आरंभी रुंदी उरते अवघी ८ मीटर. त्या वेळी राखीव जागेत पाय पडला की गडी बाद. मात्र प्रतिपक्षाशी स्पर्श होताच झटापट सुरू झाली असे मानतात आणि तीच जागा खेळात येते. म्हणून आधी स्पर्श झाला की आधी पाय पडला, एवढेच पाहावे.

बोनस रेषेचेही तसेच. एक पाय रेषेपलीकडे टेकला, एवढ्याने गुण मिळत नाही. त्या क्षणी दुसरा पाय अधांतरी हवा आणि समोर निदान सहा गडी हवेत. शिवाय या गुणाने आपला बाद गडी पुन्हा खेळात येत नाही.

आपण परिणाम पाहतो, पंच क्रम पाहतो. तेव्हा पुढील सामन्यास दृष्टी गड्याच्या हातांवरून काढून थोडी पायांवर ठेवावी. एखाद्या प्रामाणिक माणसास भर मैदानात फितूर म्हणण्यापूर्वी एवढे तरी आपले कर्तव्य आहे.