ताडाखालचं दूध

ताडाखाली बसून दूध प्यालं तरी लोक ताडीच म्हणतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा रोख माणसावर, पण नाव गेलं ते झाडाचं. सोलापुरात या नावाला इतिहासही चिकटला आहे. गांधीजींच्या अटकेनंतर खवळलेले लोक ८ मे १९३० रोजी रूपाभवानी मंदिराकडची शिंदीची झाडं तोडायला निघाले. त्या रसावरचा अबकारी महसूल सरकारच्या तिजोरीत जात होता. गोळीबारात शंकर शिवदारे पडले, पाठोपाठ शहरात मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले.

ती झाडं शिंदीची होती, ताडाची नव्हे. शिंदी आणि ताड एकच समजण्याची चूक सर्रास होते. शिंदी खजुराची बहीण. तिचं पान पिसासारखं. रसासाठी तिचं खोडच शेंड्याखाली तासतात, यंदा एका अंगानं, पुढच्या वर्षी दुसऱ्या. म्हणून जुनी शिंदी नागमोडी दिसते. ताडाचं खोड सरळसोट आणि काळपट, वीस-पंचवीस मीटर उंच. पान मीटरभर रुंदीचा उघडा पंखा, देठाच्या कडांना करवतीचे दात. त्याचा रस फुलोऱ्यातून येतो. काढणारा रोज वर चढून फुलोऱ्याच्या टोकाचा पातळ काप घेतो आणि मडकं अडकवतो. मडक्याला आतून चुना लावला तर उतरते ती गोड नीरा. नाही लावला तर रस काही तासांत फेसाळतो आणि ताडी होते. आज ताडीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेटसारखं रसायन कालवून विकलं जातं, त्याचा दोषही ताडाच्याच माथी मारला जातो. हे मला सहन होत नाही.

ताडात नर वेगळा, मादी वेगळी. फुलायला बारा-पंधरा वर्षं लागतात, तोवर लावणाऱ्यालाही कळत नाही आपण काय लावलं. फळ मादीलाच. उन्हाळ्यात कोयत्यानं कवच उडवलं की बहुधा तीन गोळे निघतात. पिवळसर साल अंगठ्यानं सोलावी आणि गोळा अख्खा तोंडात टाकावा, नाहीतर आतलं गार पाणी मनगटावरून ओघळतं. सोलापूर शहराच्या पूर्व भागात, तेलंगणातून मागाबरोबर आलेल्या घरांच्या तेलुगूत हे मुंजलु. तेलंगणात ताडाच्या बीचा जमिनीत उतरलेला कोंबही खणून, उकडून किंवा भाजून खातात.

पाखरांना मात्र फळाशी कर्तव्य नाही. ताडपाकोळी पिसं आणि कापूस लाळेनं पानाच्या खालच्या बाजूला चिकटवून घरटं करते, अंडीही लाळेनंच डकवते. वाऱ्यात पान कितीही हललं तरी ती पडत नाहीत. सुगरणीचे खोपे याच पानांच्या टोकांना लोंबतात. म्हणून वाळलेली पानं दिसली की लगेच झाड ‘साफ’ करायची घाई नको.

शेंडा मात्र एकदा तोडला की ताड मेला. दुसरा फुटत नाही. कमी पावसाच्या आपल्या जिल्ह्यात बांधाला लावायला याच्यासारखं चिवट झाड शोधूनही मिळायचं नाही. पिकलेलं ताडफळ मिळालं तर त्याच्या बिया कुंडीत घालू नका. कोंब आधी सरळ खाली जातो, रोप उपटून लावलेलं सहसा जगत नाही. जिथं झाड हवं, तिथंच बी पुरा.